ज्ञानगंगा घरोघरी, आणि घरात एकच मोबाईल

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात एका पाड्यावर शिकवणाऱ्या माझ्या मित्राकडे एक मेमरी कार्ड आहे. बत्तीस जीबीचं, कडेला थोडं झिजलेलं. २०२०च्या पावसाळ्यात ते खिशात घालून तो दर सोमवारी घाट चढायचा. शनिवार-रविवार नाशिकच्या घरी वायफायवर व्हिडिओ उतरवून घ्यायचे, इयत्तांप्रमाणे फोल्डर करायचे आणि पाड्यावर ज्या चार-पाच घरांत बरा मोबाईल आहे तिथे ते भरून द्यायचे. पाड्यावर रेंज नाही. टेकडीवर एका आंब्याखाली दोन कांड्या यायच्या, त्याही ढग उतरले की गायब. शिवाय मोबाईल घरात असेलच असं नाही. भाताच्या आवणीच्या दिवसांत तो बापाबरोबर खाचरात, पुढे द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडकडे.

कोरोनातल्या ऑनलाइन शिक्षणाची गोष्ट बहुतेक जण मार्च २०२० पासून सांगतात. जणू शाळांना कुलूप लागलं आणि कोणीतरी घाईघाईत इंटरनेटवर शाळा मांडली. प्रत्यक्षात फुकट मिळणारं साहित्य त्याच्या कितीतरी आधीपासून होतं, बरंचसं मराठीतही होतं. ते घरात नेऊन देणार कोण, हा प्रश्नही जुनाच होता. नाशिकला तर तो चांगलाच ओळखीचा असायला हवा होता.

गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. यशवंतराव कराडचे, पण नाशिकशी त्यांचं नातं होतं: संरक्षणमंत्री असताना १९६३ मध्ये ते इथूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. त्यांच्या नावाचं हे विद्यापीठ जुलै १९८९ मध्ये सुरू झालं. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. पुणे विद्यापीठाचं कुलगुरूपद सांभाळून आलेला हा भौतिकशास्त्राचा माणूस पुढे दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचाही कुलगुरू झाला. नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. गृहिणी, शेतकरी, अर्ध्यावर शिक्षण सुटलेला कामगार, अशांच्या दारात शिक्षण न्यायचं, ही कल्पना.

ब्रीद सगळ्यांना पाठ आहे, पण त्यामागची यंत्रणा फार कमी लोकांना माहीत असते. विद्यापीठाने पुस्तकं मुद्दाम वेगळी लिहून घेतली. समोर शिक्षक नाही हे धरून चालायचं; छोटे घटक, मध्येच स्वतःला तपासायचे प्रश्न, मागे उत्तरं. पण पुस्तकाचं पार्सल पाठवलं की काम संपलं, असं मानलं नाही. गावोगावच्या कॉलेजांत आणि शाळांत अभ्यासकेंद्रं काढली, तिथे सुट्टीच्या दिवशी बसायला समंत्रक नेमले. समंत्रक हा शब्द आजही बाहेरच्या माणसाला अडखळायला लावतो. वर्गात शिकवणारा तो शिक्षक. एकट्याने वाचताना जिथे गाडी अडली तिथे धक्का देणारा तो समंत्रक. दूरशिक्षणात सगळंच दूर ठेवून चालत नाही, काहीतरी हाकेच्या अंतरावर लागतं, हे या माणसांनी तेव्हाच ओळखलं होतं. सगळी केंद्रं सारखी चालली असं मी म्हणणार नाही. माझ्या एका मावशीने अशाच एका केंद्रातून बी.ए. केलं, तिच्या आठवणीत निम्मे रविवार समंत्रकाची वाट पाहण्यात गेले. उरलेल्या निम्म्या रविवारांमुळे ती पास झाली, हेही तीच सांगते.

शाळकरी मुलांसाठीचे प्रयत्न याहून जुने, आणि ते आभाळातून आले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारताने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोचवली. साइट म्हणून तो प्रयोग ओळखला जातो. सकाळचा दीड तास शाळेतल्या मुलांचा असायचा. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपल्याकडे हे वारं इन्सॅट या भारतीय उपग्रहांबरोबर आलं: १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली आणि दूरदर्शनवर मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम दिसू लागले. माझ्या वयाच्या माणसांना ती धून ऐकली की अजून शाळेच्या डब्याचा वास येतो. २००४ मध्ये खास शिक्षणासाठीचा एज्युसॅटही वर गेला. आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने बालचित्रवाणी बंद केली. तीनच वर्षांनी राज्यातल्या प्रत्येक मुलाला घरी टीव्हीवर शिकवायची वेळ आली. बंद करताना कोणाला साथीचं स्वप्न पडलं नव्हतं, हे मान्य. तरी मराठीत मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती करणारी सरकारी घडी एकदा मोडली की ती आठवड्याभरात पुन्हा बसत नाही.

दरम्यान इंटरनेटवर वेगळंच काही रुजत होतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करायचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या एका बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा पुढे आली. इथे मोफत आणि मुक्त यांतला फरक सांगायलाच हवा, कारण लॉकडाऊनमध्ये तो पार विसरला गेला. मोफत म्हणजे पैसे पडत नाहीत, एवढंच. मुक्त म्हणजे ते उतरवून घ्या, छापा, भाषांतर करा, आपल्या वर्गाला जुळेल असं कापा-जोडा, आणि पुढे वाटा. कितीतरी कंपन्यांनी २०२० मध्ये आपली शिकवणी-ॲप काही महिने मोफत ठेवली. ती मुक्त नव्हती. मुदत संपली आणि दारं बंद झाली. मेमरी कार्डावर भरून पाड्यावर नेता येईल असं त्यात काही नव्हतं.

मुक्त किंवा निदान खुलेपणाने उतरवून घेता येणारं मराठी साहित्य मात्र बरंच होतं. मराठी विकिपीडिया २००३ पासूनचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला उभा केलेला मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट वाचता येत होता. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ठेवल्या होत्या. तिच्याच ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही खुले केले होते. लॉकडाऊनमध्ये माझ्या भाचीने ऑनलाइन तासापेक्षा जास्त वेळ या अंकांत घालवला आणि मला त्यात काडीचाही तोटा दिसला नाही. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर काडेपेटी, सायकलच्या वॉल्व्हट्यूब आणि जुन्या वर्तमानपत्रांतून करायची खेळणी, शिवाय मराठीतलीही पुस्तकं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी, कोणीही भाषांतर करावं अशा परवान्यासह. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची विज्ञानाची आभासी प्रयोगशाळा तर एकदा उतरवली की इंटरनेटशिवाय चालते, आणि तिचे बरेच प्रयोग मराठीतही आहेत. विद्युत परिपथ जोडायला प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतल्या शिक्षकाला विचारा त्याची किंमत.

शाळांकडूनही थोडी तयारी झाली होती. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची लाट आली. पैसा बऱ्याच ठिकाणी लोकवर्गणीचा. कोणी कांद्याच्या पट्टीतून पाचशे दिले, कोणी मुलाच्या वाढदिवसाचा खर्च वाचवून टीव्ही घेऊन दिला. २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. ५ सप्टेंबर २०१७ ला केंद्राचं ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शिक्षणसाहित्याचं व्यासपीठ सुरू झालं आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड दिसू लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी ही कल्पना आपल्या शाळेत आधीच वापरून दाखवली होती; २०२० च्या डिसेंबरात त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पण या सगळ्याचा पाया एकच होता: स्क्रीन शाळेत आहे आणि तिच्याशेजारी गुरुजी उभे आहेत. शाळेलाच कुलूप लागलं तर काय, याचा विचार त्यात नव्हता.

कुलूप लागलं ते मार्च २०२० च्या मध्यावर. आधी शहरांतल्या शाळा, दोन-तीन दिवसांत गावांतल्याही. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तो आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. एप्रिलमध्ये कोरोनाच्या उद्रेकामुळे मालेगाव देशभरच्या बातम्यांत आलं. तिथे शाळेचा विचार करायलाही कोणाला उसंत नव्हती. त्याच सुमारास राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. रोज व्हॉट्सॲपवर इयत्तावार दीक्षाच्या लिंक यायच्या. परिषदेकडून अधिकाऱ्यांकडे, मग केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शेवटी पालकांचा ग्रुप, अशी ही पालखी निघायची. पालकांच्या ग्रुपवर येईपर्यंत ती ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली आणि काढ्याच्या पाककृतींखाली गाडली जायची.

जूनच्या अखेरीस आणखी एक गंमत झाली. सीमेवरच्या तणावामुळे २९ जूनला केंद्राने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉक गेल्याचं सगळ्यांना आठवतं. त्याच यादीत शेअरइट आणि कॅमस्कॅनर होते. इंटरनेटशिवाय एका फोनमधून दुसऱ्यात व्हिडिओ टाकायचा तर शेअरइट, आणि वहीची पानं फोटो काढून सरांना पाठवायची तर कॅमस्कॅनर, असा अनेक शिक्षकांचा आणि पालकांचा शिरस्ता होता. माझ्या मित्राला पुढचे दोन आठवडे दर पालकाला नवीन ॲप घालून द्यावं लागलं.

२० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेली ही मालिका मला त्या काळातल्या प्रयत्नांत सर्वांत शहाणी वाटते. तिच्यात फळा नव्हता. घर, अंगण, परिसर आणि घरातली माणसं यांना धरून करायचे उपक्रम होते, म्हणजे शेजारी बसलेल्या आईला किंवा आजीलाही काम होतं. मुक्त विद्यापीठाने पुस्तकात जे साधायचा प्रयत्न केला, ते इथे टीव्हीवर.

नाशिकचं स्वतःचं उत्तर मात्र रेडिओवरून आलं. शहरातल्या ‘रेडिओ विश्वास’ या ९०.८ एफएमच्या सामुदायिक केंद्राने जून २०२० मध्ये ‘शिक्षण सर्वांसाठी’ सुरू केलं. तिसरी ते दहावीचे पाठ शिक्षकांनी स्टुडिओत येऊन ध्वनिमुद्रित केले आणि जिल्हा परिषदेच्या व महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी ते प्रसारित झाले. रेडिओला डेटा लागत नाही, रिचार्ज लागत नाही, आणि तीन भावंडांना एकाच वेळी ऐकता येतं. जुलै २०२२ मध्ये या उपक्रमाला राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कार मिळाला. भूमितीचा पाठ रेडिओवर कसा घ्यायचा, हा प्रश्न तेव्हाही हसत विचारला जायचा. ‘आता पान चोवीसवरची आकृती पाहा’ एवढं वाक्य पुरायचं, कारण पुस्तक बहुतेक मुलांकडे होतं. सरकारी शाळांत पाठ्यपुस्तकं मोफत वाटली जातात, ही आपली सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित फुकट सोय.

ग्रामीण घरांतल्या मोबाईलबद्दल ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणी अहवालाचा एक आकडा नेहमी दिला जातो: २०१८ मध्ये शाळकरी मुलांच्या ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२० मध्ये ६१.८ टक्के घरांत. आकडा देशाचा आहे, आणि वाढ खरीच मोठी. पण घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात फोन असणं यांत आवणी, छाटणी, मोठ्या भावाची बारावी आणि संपलेला डेटापॅक एवढं सगळं येतं. मित्राने सप्टेंबरपासून व्हिडिओ कमी केले. आठवड्याच्या कृतिपत्रिका सुरगाण्याहून झेरॉक्स करून आणायचा, ओट्यावर चार-चार मुलं बसवायचा, आणि बारावी झालेल्या एका मुलीला पाड्यावरची ताई नेमलं. त्याने मुक्त विद्यापीठाचं नावही काढलं नाही, पण झालं होतं ते अभ्यासकेंद्र आणि समंत्रकच.

पुढचा क्रम धरसोडीचा. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यात काही ठिकाणी नववी ते बारावी सुरू झाली, नाशिकने ४ जानेवारी २०२१ पर्यंत थांबायचं ठरवलं. पाचवी ते आठवी जानेवारीच्या अखेरीस आली आणि दुसऱ्या लाटेत सगळं पुन्हा बंद. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा परत उघडल्या, पण पहिलीच्या पोरांना डिसेंबर उजाडला. त्यांतली काही तोवर दुसरीत गेली होती, शाळेची पायरी न चढता. जानेवारी २०२२ मध्ये आणखी एक बंदी येऊन गेली.

आता शाळा बंद राहतात त्या मुसळधार पावसाच्या इशाऱ्यापायी, एखाद-दुसरा दिवस. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि पर्वणीच्या दिवशी शहरात चालत फिरणंही किती अवघड होतं ते २०१५ ला आम्ही पाहिलंय. परवा मित्राला विचारलं, कार्ड अजून चालतं का. म्हणाला, चालतं; पण आता ते ताईकडे असतं. पाड्यावर टॉवर आलाय, तरी पाऊस लागला की पोरं तिच्याच ओट्यावर जमतात.