उसन्या मतांवर तरलेला पक्ष

जर्मनीत बुंडेस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, निवडणुकीत मतदार एकाच मतपत्रिकेवर दोन फुल्या मारतो. डाव्या रकान्यात आपल्या मतदारसंघातला उमेदवार, उजव्या, निळ्या छपाईच्या रकान्यात पक्ष. पहिल्या मताने मतदारसंघाचा विजेता ठरतो, पण संसदेत कोणत्या पक्षाचे बळ किती, हे मुख्यतः दुसऱ्या मतावर ठरते. ही पद्धत १९५३ ची. १९४९ मध्ये राज्यापुरती असलेली ५ टक्क्यांची अट त्याच वर्षी देशपातळीवर गेली. तेवढी मते नाहीत तर जागा नाहीत. मुख्य अपवाद मतदारसंघ थेट जिंकण्याचा: आधी एक पुरे होता, १९५६ च्या कायद्यानंतर तीन लागू लागले.

दोन मते आणि ही अट एकत्र आली आणि त्यातून ‘उसन्या मतां’चे राजकारण उभे राहिले. मोठ्या पक्षाचा मतदार उमेदवार आपल्याच पक्षाचा निवडतो आणि दुसरे मत धाकट्या मित्रपक्षाला देतो. कारण सरळ आहे: मित्र ५ टक्क्यांखाली घसरला तर सरकारही जाईल. महाराष्ट्रात मित्रपक्षाची मते ट्रान्सफर झाली की नाही, याचा हिशेब निकालानंतर मांडला जातो. जर्मन मतदाराला तो मतदान कक्षातच मांडता येतो.

सुरुवातीला हे काम पक्षांनीच केले. १९५७ मध्ये चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, आडेनाउअर यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने, म्हणजे सीडीयूने, काही मतदारसंघांत उमेदवारच दिला नाही, म्हणून तिचा छोटा मित्रपक्ष जर्मन पार्टी ३.४ टक्क्यांवर असूनही ६ मतदारसंघ थेट जिंकून संसदेत आली. पुढे मतदार स्वतः शिकले, आणि त्याचा सर्वाधिक फायदा झाला उदारमतवादी एफडीपीला. १९६९ मध्ये ५.८ टक्क्यांवर कसाबसा तरलेला हा पक्ष विली ब्रांट यांच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाबरोबर, म्हणजे एसपीडीबरोबर, सत्तेत गेला. १९७२ मध्ये त्याला पहिली मते ४.८ टक्के आणि दुसरी ८.४ टक्के मिळाली. मधल्या फरकात ब्रांट सरकार टिकावे असे वाटणारे एसपीडीचे मतदार मोठ्या संख्येने होते.

१९८२ च्या शरद ऋतूत एफडीपीने बाजू बदलली आणि १ ऑक्टोबरला सीडीयूचे हेल्मुट कोल चान्सलर झाले. पक्षावर संताप इतका होता की त्याच सुमारास हेसन राज्याच्या निवडणुकीत तो ३.१ टक्क्यांवर आला. मार्च १९८३ मध्ये देशाने मतदान केले तेव्हा एफडीपीच्या उमेदवारांना २.८ टक्के मते पडली, पक्षाला मात्र ७ टक्के. एफडीपीला दुसरे मत देणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिकांना तिचा स्थानिक उमेदवार नको होता, पण कोल यांना तिची साथ हवी होती. या मतदाराला काही जण लबाड म्हणतात. मला तो तसा वाटत नाही. आघाडी सरकार येणार हे ठाऊक असताना त्याने पक्षाऐवजी सरकार निवडले, आणि तेवढा अधिकार लोकशाहीत त्याला असलाच पाहिजे.

ही उदारता मोठ्या पक्षाला परवडत होती, त्याचे कारण नियमांत दडले होते. एखाद्या राज्यात पक्षाने दुसऱ्या मतांच्या हिश्शापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकले, तर त्या जादा जागा त्याच्याकडेच राहत. २००९ मध्ये अशा सर्व २४ जागा सीडीयू आणि तिच्या बव्हेरियातल्या भगिनीपक्षाला, सीएसयूला, मिळाल्या. म्हणजे दुसरे मत मित्राला दिले तरी घरचे फारसे जात नव्हते.

याचे टोक २००५ मध्ये ड्रेस्डेन शहरात दिसले. एका उमेदवाराच्या निधनामुळे तिथल्या एका मतदारसंघाचे मतदान दोन आठवड्यांनी, २ ऑक्टोबरला झाले. बाकी देशाचा निकाल हातात होता, त्यामुळे गणित सगळ्यांना दिसत होते: सीडीयूला सुमारे ४१ हजारांहून जास्त दुसरी मते पडली, तर जादा जागांच्या नियमामुळे तिचा एक खासदार कमी होणार! तिच्या मतदारांनी उमेदवार निवडून आणला आणि दुसरी मते इतरत्र वळवली. सीडीयू ३८ हजारांच्या आसपास थांबली, एफडीपी १६.६ टक्क्यांवर पोचली. मत दिल्याने पक्षाचे नुकसान व्हावे, हे मतदानाच्या मुळावरच येते. कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने ३ जुलै २००८ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरवला, पण बदलायला मुदत दिल्याने २००९ ची निवडणूक जुन्याच नियमाने झाली. २०११ ची दुरुस्तीही पुढच्या वर्षी न्यायालयात टिकली नाही, आणि २०१३ च्या कायद्याने जादा जागांच्या बदल्यात इतर पक्षांना भरपाईच्या जागा मिळू लागल्या. आता उसने दिलेले प्रत्येक मत खरोखरच खर्ची पडणार होते.

त्याच वर्षी २० जानेवारीला लोअर सॅक्सनी राज्याच्या निवडणुकीत सीडीयूला धडा मिळाला होता. तिच्या मतदारांनी एफडीपीला ९.९ टक्क्यांवर नेले, पण सीडीयू ३६ वर घसरली आणि एका जागेने सत्ता एसपीडी व ग्रीन्सकडे गेली. सप्टेंबरमध्ये एफडीपीने दुसऱ्या मतासाठी जाहीर आर्जव केले, तेव्हा सीडीयूच्या चान्सलर अंगेला मर्केल यांनी दोन्ही मते स्वतःच्या पक्षासाठी मागितली. एफडीपी ४.८ टक्क्यांवर बाद झाली, १९४९ नंतर प्रथमच. मर्केल यांच्या आघाडीलाही ६३१ पैकी ३११ जागा मिळाल्या, बहुमताला ५ कमी, आणि अखेर एसपीडीशी हातमिळवणी करावी लागली. एफडीपीसाठी तीन दशके निघालेला हात सीडीयूने आखडता घेतला, तो मुख्यतः बदललेल्या नियमांमुळे आणि लोअर सॅक्सनीच्या अनुभवामुळे, असे माझे मत आहे.

२०२३ च्या सुधारणेने तर पहिल्या मताची हमीही काढली. पक्षाच्या दुसऱ्या मतांचा आधार नसेल, तर मतदारसंघ जिंकूनही जागा मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये असे २३ विजेते संसदेबाहेर राहिले. एफडीपी ४.३ टक्क्यांवर पुन्हा बाद झाली. बीएसडब्ल्यू हा नवा पक्ष सुमारे साडेनऊ हजार मतांनी ५ टक्के चुकला. तो आत आला असता, तर फ्रीडरिष मेर्त्स यांच्या सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी सरकारला ६३० च्या सभागृहात मिळालेले ३२८ खासदारांचे बहुमत उरले नसते.