चेक इंजिनचा दिवा नेमका कशासाठी?

मोरजीला घर असल्यामुळे खारा वारा बारा महिने, गाडीचं लोखंड काही टिकत नाही. माझी २०१४ची पेट्रोल गाडी, बीएस-४, मागच्या पावसाळ्यात चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून म्हापशाला गॅरेजात नेली. स्कॅनरवर पी०१७१ हा कोड, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर बदलला, आणि पंधरा दिवसांत तोच कोड परत!

असं का होतं हे कळायला थोडं मागे जावं लागतं. हा सगळा प्रकार मेकॅनिकच्या सोयीसाठी नव्हे तर धुरासाठी सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या प्रदूषणामुळे तिथल्या नियमांनी १९८८च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःचं एमिशन, म्हणजे धुरातलं प्रदूषण, तपासायचं ठरलं, तेव्हा प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, कित्येक गाड्यांत वायर जोडून दिव्याची उघडझाप मोजायची. १९९६ पासून अमेरिकेत ओबीडी-२ (ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःला तपासायची यंत्रणा) सक्तीचं झालं, सॉकेट आणि मुख्य कोड सगळ्यांना सारखे. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून, ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. म्हणजे कोड मुळात सांगतो की धूर बिघडेल असं काहीतरी कॉम्प्युटरला दिसलंय, कुठला पार्ट गेलाय ते नाही. सगळा घोळ इथेच होतो.

आणि तो ऑक्सिजन सेन्सर, जो बॉशने १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा दिला, त्याला पेट्रोल दिसतच नाही हो, फक्त सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन दिसतो. एखादा प्लग मिसफायर झाला तर न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे जातो आणि सेन्सर म्हणतो लीन, खरं तर पेट्रोलही तसंच वाया गेलेलं असतं. माझ्या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा, एक बोल्ट गंजून ढिला झालेला, गॅस्केटमधून बाहेरची हवा धुरात ओढली जायची, सेन्सर लीन म्हणायचा, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत बसायचा आणि ॲव्हरेज घसरायचं. सकाळी थंड इंजिनला टिकटिक आवाज यायचा, तापलं की बंद, मी टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या भागांचा, समजून सोडून दिलेला.

ओबीडी-२ कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही साठवतं, कोड पडला त्या क्षणाचं आरपीएम, तापमान वगैरे. शेवटी ते उघडून बघितलं तर गाडी आयडलवर (जागेवर उभी, इंजिन चालू) आणि इंजिन अजून पुरतं तापलेलं नाही, म्हणजे टिकटिक चालू असतानाच कोड पडलेला. बोल्ट आणि गॅस्केट बदललं, कोड गेला, नवा सेन्सर मात्र उगाच घेतला गेला.