आइसलँडमधील हवामान व नैसर्गिक संकटांची देखरेख

उत्तर अटलांटिकमधील या बेटावर वादळ, हिमलोट, भूकंप, ज्वालामुखी आणि हिमनद्यांचे पूर या सगळ्यांवर एकच सरकारी संस्था नजर ठेवते. ती म्हणजे रेक्याविकमधील हवामान खाते (वेदुरस्तोवा ईस्लान्स, स्थापना १९२०). २००९ मध्ये नद्यांचे मापन करणारी संस्थाही त्यात विलीन झाली. अनेक देशांत ही कामे वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. आइसलँडमध्ये ती वाटून चालत नाहीत, कारण इथे एका संकटाच्या पोटातून दुसरे निघते. बर्फाखाली उद्रेक झाला की पहिली खूण भूकंपमापकावर उमटते, मग नदीचे पाणी बदलते आणि राख वर आली की ती कुठे जाणार हे वारा ठरवतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘योकुलह्लौप’, हिमनदीच्या तळातून अचानक सुटणारा पूर. देशाचा सुमारे दहावा भाग हिमाच्छादित आहे आणि त्यातल्या काही बर्फाखाली जिवंत ज्वालामुखी आहेत. भूगर्भातील उष्णतेने बर्फ खालून वितळतो, पाणी साचत जाते आणि दाब पुरेसा वाढला की ते तळातून वाट काढते. सप्टेंबर १९९६ च्या अखेरीस वात्नायोकुत्ल या विशाल हिमनदीखाली उद्रेक झाला. वितळलेले पाणी पाच आठवडे बर्फाखालच्या ग्रीमस्वोट्न सरोवरात चढत राहिले आणि ५ नोव्हेंबरला स्केइदारारसांदुर या वाळूच्या मैदानावर आले. प्रवाह सेकंदाला सुमारे ४५ ते ५० हजार घनमीटरपर्यंत गेला. पूल वाहून गेले, पण सरोवराच्या पातळीवर लक्ष असल्याने जीवितहानी झाली नाही. पुराने दोरीसारखे पिळलेले पुलाचे पोलादी गर्डर आजही रस्त्याकडेला ठेवलेले आहेत.

नदीवरच्या मापन केंद्रात पाण्याची पातळी, तापमान आणि विद्युत् संवाहकता अखंड नोंदली जाते. संवाहकता सर्वांत उपयोगी. उष्ण झऱ्यांच्या पाण्यात क्षार जास्त असतात, त्यामुळे पातळी चढण्याआधीच आकडा वाढू लागतो. मात्र तो एकटा वाचायचा नसतो. उन्हाळ्यात वितळलेले भरपूर पाणी छोटी गळती झाकून टाकते, तर हिवाळ्यात प्रवाह रोडावला की संवाहकता आपोआपच जास्त असते. वाळूच्या मैदानात नदी पात्र बदलते आणि उपकरण कोरडे पडते. कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू सखल जागी साचतो, म्हणून प्रवाशांना पात्राजवळ थांबू नये असे बजावले जाते.

जमिनीखालच्या हालचालींसाठी भूकंपमापकांचे जाळे, जीपीएस केंद्रे आणि उपग्रह रडार वापरतात. शिलारस साचला की जमीन फुगते, तो बाजूला सरकला की खचते. १० नोव्हेंबर २०२३ रोजी सुमारे १५ किमी लांबीची शिलारसाची भित्ती (खडकातल्या भेगेत शिरलेला उभा, भिंतीसारखा थर) ग्रिन्दाविक गावाखालून घुसली आणि त्याच रात्री संपूर्ण गाव रिकामे केले. ८ फेब्रुवारी २०२४ ला जवळच पहाटे साडेपाचला लहान भूकंपांची मालिका सुरू झाली आणि सहाच्या सुमारास जमीन फाटून उद्रेक झाला. इशाऱ्याला मिळालेला वेळ जेमतेम अर्धा तास. त्यात सोसाट्याचा वारा असेल तर जमीन थरथरून भूकंपमापकावर इतका गोंधळ उमटतो की नेमके हे लहान धक्के बुडून जातात. म्हणूनच पहाऱ्यावरील भूकंपतज्ज्ञालाही वाऱ्याचा अंदाज डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

वारा हवामानाच्या नोंदीही बिघडवतो. जोराच्या वाऱ्यात हिमकण पर्जन्यमापकाच्या तोंडावरून पुढे निघून जातात आणि पडले त्यापेक्षा कमी मोजले जाते. वायुवेगमापकावर बर्फाचा थर साचला की तो अडकतो आणि वादळातही शून्य दाखवू शकतो. वादळाचे इशारे पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांत देतात. पहिला लाल इशारा डिसेंबर २०१९ चा.

हिमलोटांच्या बाबतीत देशाने फार मोठी किंमत मोजली. १९९५ मध्ये जानेवारीत सुदाविक येथे १४ आणि ऑक्टोबरमध्ये फ्लातेइरी येथे २० माणसे गेली. सुरक्षित समजली जाणारी घरेही गाडली गेली. त्यानंतर हिमलोटांच्या धोक्याचे नकाशे माणसाच्या जिवाच्या जोखमीवर काढण्यात आले. वर्षाला दहा हजारांत ०.३ मृत्यू ही राहत्या घरासाठी स्वीकार्य मर्यादा, त्यापुढे वाढत्या जोखमीचे ए, बी आणि सी पट्टे. फ्लातेइरीवर हिमलोट वळवणारे बांध घातले. तरी जानेवारी २०२० मध्ये बर्फ बांधावरून ओसंडून एका घरात शिरला. गाडल्या गेलेल्या मुलीला जिवंत बाहेर काढता आले. बांधाने जोखीम कमी होते, संपत नाही.

हवामानबदलाची नोंद इथे जुनी आहे. स्टिक्किसहोल्मुर येथे १८४५ पासून सलग निरीक्षणे होत आहेत आणि हिमनद्यांची टोके स्वयंसेवक १९३० पासून मोजतात. होफ्सयोकुत्ल या हिमनदीवर वसंतात हिवाळी थरात छिद्र पाडून जाडी व घनता मोजतात. रोवलेल्या खुंट्यांवरून किती वितळले ते शरदात काढतात. ओक्योकुत्ल स्वतःच्या वजनाने सरकण्याइतका जाड उरला नाही, म्हणून २०१४ मध्ये तो हिमनदी नाही असे ठरले. बर्फाचा भार हलका झाल्याने वात्नायोकुत्लच्या परिसरातील जमीन काही ठिकाणी वर्षाला सुमारे ३ सेंमी वर येते. जीपीएसवर हा उठाव आणि शिलारसाचा फुगवटा सारखाच दिसू शकतो. त्यामुळे तिथल्या ज्वालामुखीबद्दल काही म्हणण्याआधी बर्फामुळे झालेला उठाव वजा करावा लागतो.