चेस्नट, व्हिक

(१२ नोव्हेंबर १९६४ – २५ डिसेंबर २००९). लोकसंगीताच्या वळणाची आत्मकथनपर गाणी रचणारे अमेरिकन गायक-गीतकार. जन्म फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे. एका कुटुंबाने त्यांना दत्तक घेतले होते. त्यांचे बालपण जॉर्जिया राज्यातील झेब्युलन या गावी गेले. १९८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, मोटार अपघातात त्यांची मान मोडली आणि हातापायांना अंशतः पक्षाघात झाला. पुढचे सारे आयुष्य त्यांनी चाकांच्या खुर्चीत काढले.

अपघातापूर्वीही ते गिटार वाजवत. नंतर मात्र बोटे नीट वळत नसल्याने मोजकेच साधे स्वरमेळ (कॉर्ड) त्यांच्या हाती उरले आणि त्यांची शैली घडली ती या मर्यादेतूनच. गिटार संथ व तुटक वाजत असल्याने दोन स्वरमेळांमध्ये मोकळी जागा राही. त्या जागेत त्यांचा चिरका, अमेरिकेच्या दक्षिण भागातील हेल असलेला आवाज एखादे अक्षर लांबवी, एखादा शब्द अनपेक्षित ठिकाणी तोडी. त्यांच्या गाण्यात शब्दाला जे वजन आहे, त्यामागे आधुनिक कवितेचे त्यांचे वाचनही आहे.

१९८० च्या दशकाच्या मध्यास ते जॉर्जियातीलच अथेन्स या शहरात आले. तेथील एका क्लबमध्ये ‘आर. ई. एम.’ या रॉक वाद्यवृंदाचे गायक मायकेल स्टाइप यांनी त्यांना ऐकले आणि लिटल (१९९०) व वेस्ट ऑफ रोम (१९९१) या त्यांच्या पहिल्या दोन अल्बमांची निर्मिती केली. १९९६ मध्ये अनेक नामवंतांनी त्यांची गाणी गाऊन एक अल्बम काढला. त्याचे उत्पन्न संगीतकारांच्या वैद्यकीय मदतनिधीसाठी होते. स्वतः चेस्नट यांना उपचारांच्या खर्चाने अखेरपर्यंत कर्जात ठेवले.

अपंगत्व, मद्यपान, नैराश्य हे विषय त्यांच्या गीतांत उघडपणे येतात. पण श्रोत्याची दया मागणारी ओळ त्यांत क्वचितच सापडते. कबुली देता देता ते स्वतःची थट्टा करतात, आणि ही थट्टाच कित्येकदा अधिक बोचते. त्यांना केवळ दुःखाचा गायक म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते.

नॉर्थ स्टार डेझर्टर (२००७) व अ‍ॅट द कट (२००९) हे अल्बम कॅनडातील माँट्रिऑलच्या वादकांसह ध्वनिमुद्रित झाले. त्यांत एकट्या गिटारच्या शेजारी तंतुवाद्यांचा आणि विद्युत गिटारींचा मोठा कल्लोळ उभा राहतो. यांपैकी दुसऱ्या अल्बममध्ये मृत्यूला उद्देशून एक गीत आहे; प्रारंभी ते प्रेयसीशी केलेले बोलणे वाटते, परंतु शेवटी गाणारा आपली तयारी नसल्याचे मृत्यूला सांगतो. हा अल्बम निघाला त्याच वर्षी अथेन्स येथे चेस्नट यांचे निधन झाले.