अठरा ग्रॅमचं दळण

खोक्यातून काढून कॉफीचा नवा ग्राइंडर मी ओट्यावर ठेवला तेव्हा आई आदोळीवर बसून नारळ खवत होती. वरचं झाकण उघडून मी तिला आतली रचना दाखवली. बाहेर एक दातेरी कडं, त्याच्या पोटात दातेरी शंकू, दोन्ही पोलादी. खवणं न थांबवता तिने एक नजर टाकली. "हे तर जातंच की रे. केवढ्याला पडलं?" मी दोन हजार कमी करून सांगितले.

तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. फोंड्याच्या आमच्या जुन्या घरात अजून जातं आहे. खालची तळी पक्की, वरची फिरती, मधल्या तोंडातून मुठीने वैरण घालायची. डाळ भरडायची असेल तर मेखेला चिंधी गुंडाळून वरची तळी केसभर उचलायची. पीठ हवं असेल तर चिंधी काढून टाकायची. कॉफीच्या ग्राइंडरमधली दातेरी जोडी, जिला बाजारात 'बर' म्हणतात, हेच काम करते. दोन्हींतली फट किती यावर कण किती मोठा हे ठरतं. फटीतून निसटण्याइतका लहान झाला की तो सुटला. मिक्सरला अशी फट नसते. त्याचं पातं समोर येईल त्याला हाणतं, एखाद्या तुकड्याला दहादा, एखाद्याला एकदाच. आपल्या हातात फक्त किती वेळ फिरवायचं एवढंच. चटणीला ते चालतं. एस्प्रेसोला, म्हणजे बारीक पुडीतून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेल्या दाट कॉफीला, ते का चालत नाही, हे उमगायला मला दोन वर्षं आणि बरीच कॉफी लागली.

एस्प्रेसोच्या यंत्राच्या खोक्यावर '९ बार' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ९ बार म्हणजे ९० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ बारने जास्त असतो, यावरून कल्पना यावी. मिलानच्या अकिले गाज्जाने दुसऱ्या महायुद्धानंतर तरफेच्या यंत्रातून हा दाब काढला, आणि १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्राने तरफेच्या जागी विजेचा पंप आणला. तेव्हापासून सगळं श्रेय पंपाला जातं. मीही तेच धरून चाललो होतो.

पण पंप फक्त पाणी ढकलतो. दाब तयार होतो तो त्या पाण्याला कुणी अडवलं तर. बागेतल्या नळीच्या तोंडावर बोट धरेपर्यंत पाणी नुसतंच पायाशी पडतं, तसं. यंत्रात हे बोट म्हणजे गाळणीत दाबून बसवलेली १८ ग्रॅम पूड. म्हणजे यंत्राचा सगळ्यात नाजूक सुटा भाग कारखान्यातून येतच नाही. तो आपण रोज सकाळी ओट्यावर दळून तयार करतो आणि अर्ध्या मिनिटाने काढून माडाच्या मुळाशी टाकतो. दोन वर्षं मी पाकिटातली तयार पूड वापरली. ती दक्षिणी फिल्टरच्या मापाने दळलेली, एस्प्रेसोपेक्षा जाड. पाणी तिच्यातून धो-धो निघून जायचं आणि मी यंत्राला नावं ठेवायचो.

पूड पाण्याला किती अडवते, याचा हिशेब फ्रान्सच्या दिजों शहरातल्या आंरी दार्सी नावाच्या अभियंत्याने १८५६ मध्ये मांडून ठेवला आहे. कॉफीसाठी नव्हे, त्याच्यापुढे गावाच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न होता. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपतं, हे त्याने लोखंडी नळकांड्यात वाळू भरून मोजलं. थर जाड तर प्रवाह मंद, दाब जास्त तर प्रवाह जोरात, इतपत कुणालाही सुचेल. खरी गंमत नंतरच्या संशोधकांनी त्यात जोडलेल्या कणांच्या मापात आहे. थराची पाणी सोडण्याची क्षमता कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कण निम्मा केला की प्रवाह निम्मा नाही, चौथाई होतो. फार लांब कशाला, कण फक्त दहा टक्के बारीक करा. ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१. २८ सेकंदांत भरणारा कप आता साडेचौतीस सेकंद घेईल. एस्प्रेसोवाले ग्राइंडरच्या एकेका खुणेवरून का भांडतात, ते इथे कळतं.

माझ्या ग्राइंडरवर ३० खुणा आहेत. पहिल्या दिवशी १२ वर ठेवून दळलं. १८ ग्रॅम पूड घालून ३६ ग्रॅम कॉफी काढायची, हा नेहमीचा अंदाज. ती १४ सेकंदांत उतरली, रंगाने फिकट आणि चवीला बिंबलासारखी आंबट. कॉफीतली आम्लं पाण्यात लवकर उतरतात, गोडवा मागून येतो, कडवट द्रव्यं सगळ्यांत शेवटी. पाण्याला पुरता वेळ मिळाला नाही की आंबटपणावरच सगळं थांबतं. मग रागाने थेट ६ वर नेलं. आता थेंब-थेंब, ५५ सेकंद झाले तरी कप भरेना, आणि जे आलं ते काडेचिराईत. ८ वर २८ सेकंद लागले. लालसर तपकिरी धार, मधासारखी वाकडी होत पडणारी. तो कप मी उभ्यानेच संपवला. चांगल्या कपात १८ ग्रॅमपैकी साडेतीन ग्रॅमच्या आसपास कॉफी विरघळलेली असते, म्हणजे पंचमांश. बाकीचं लाकूड.

इथवर जातं आणि ग्राइंडर हातात हात घालून चालतात. पुढे गोष्ट फिसकटते, कारण भाजलेली बी ठिसूळ असते. खडीसाखरेचा खडा बत्त्याने फोडून पाहा. सारखे तुकडे कधीच होत नाहीत. काही मोठे होतात आणि बरोबर पांढरी भुकटी उडते. कॉफीचंही तेच. एस्प्रेसोच्या दळणात एक गट साधारण २०० ते ४०० मायक्रॉनच्या कणांचा असतो आणि दुसरा १०० मायक्रॉनपेक्षाही बारीक भुकटीचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड, त्या मानाने. फट कितीही नेमकी ठेवा, ही भुकटी होणारच, कारण ती फटीतून कापली जात नाही, फुटण्यातून उडते. महागडे ग्राइंडर ती कमी करतात, नाहीशी करत नाहीत. आणि नाहीशी व्हावी असंही नाही. मोठ्या कणांमधल्या पोकळ्या हीच भुकटी भरते, पाण्याला अडवण्याचं निम्मं काम तिचंच. जाहिरातीत 'एकसारखे कण' असं दिसलं की मी आता थोडा सावध होतो.

मग भुकटी जितकी जास्त तितकी कॉफी दाट, असं का नाही? याचं उत्तर खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, वाढलेल्या माणसाला सांगायला नको. बांधाला खेकड्याने एक बीळ पाडलं की भरतीचं पाणी बांधभर झिरपत बसत नाही. ते त्या बिळातून घुसतं, बीळ रुंदावतं, आणि लक्ष गेलं नाही तर बांध फुटतो. फार बारीक दळलेली पूड गाळणीत अशीच वागते. काही भाग इतका घट्ट होतो की पाणी तिथे जातच नाही. मग सगळं पाणी एखाद्या कच्च्या जागेतून वाट काढतं. त्या वाटेवरची पूड पिळून कडू होते आणि शेजारची कोरडी राहते. आंबट आणि कडू एकाच कपात. माझ्या ६ खुणेच्या चोथ्यात मला असं एक भोक सापडलं, टाचणी जाईल एवढं. २०२० मध्ये 'मॅटर' या शोधपत्रिकेत गणितज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने हेच दाखवलं. दळण बारीक करत गेलं की कपात उतरणारा अंश काही मर्यादेपर्यंत वाढतो, मग घटू लागतो. त्यांचा सल्ला होता, थोडं जाड दळा आणि पूडही कमी घाला. कॉफी विकणाऱ्यांना तो कितपत आवडला असेल कोण जाणे.

दुसरी कटकट वेगळीच. जानेवारीत घेतलेल्या या ग्राइंडरने पहिल्याच आठवड्यात ओटा तपकिरी करून ठेवला. पूड पेल्यात पडण्याऐवजी तोंडाला चिकटायची, बियांची सालं उडून भिंतीवर बसायची. १८ ग्रॅम घातले तर हातात १६.९ यायचे. पूड घर्षणाने आणि फुटण्याने विद्युतभारित होते. केसांवर घासलेला फुगा कागदाचे कपटे ओढतो, तोच प्रकार. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या क्रिस्टोफर हेंडन यांनी यावर काम केलं, तेही ज्वालामुखीचे अभ्यासक सोबतीला घेऊन, कारण ज्वालामुखीच्या राखेत विजा चमकतात त्या अशाच घर्षणाने. बी जितकी गडद भाजलेली आणि आतून कोरडी, तितका भार जास्त, असं त्यांना आढळलं. उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक फवारा मारा आणि चमच्याने हलवा. मी इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची बाटली वापरतो. वजन १७.८ वर आलं.

उरलेले दोन दशांश आतच कुठेतरी अडकून राहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या कॉफीत शिळे होऊन येतात. खूण बदलली की म्हणूनच पहिलं दळण फेकावं. त्यावरून आठवलं, नव्या जात्यातलं पहिलं दळणही कुणी खात नसे. हलकं धान्य घालून दगडाची कच निघेपर्यंत ते फिरवत. पोलादी बरमधून कच येत नाही, पण नव्या दात्यांच्या धारदार कडा पहिल्या काही किलोंत थोड्या बोथटतात आणि तोवर दळण हलत राहतं. फेब्रुवारीअखेर माझी खूण ८ वरून सरकून ९ झाली होती. उलट जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावावी लागे. बरला टाकी लावता येत नाही, जोडीच बदलायची.

जूनपर्यंत ९ वर सगळं सुरळीत होतं. मग पाऊस लागला. गोव्यात जुलैत मीठ बरणीत पाझरतं आणि पापड हातात घेतला तर लोंबतो, हे ठाऊक असूनही बियांच्या बरणीचं झाकण आठवडाभर नुसतं टेकवलेलं राहिलं. मीच ठेवलं होतं, नाव आईवर घालणार होतो. खूण तीच, बिया त्याच, कॉफी २८ ऐवजी २१ सेकंदांत खाली, वर फेसही नाही.

इथे दोन गोष्टी एकाच दिशेने ओढत असतात. भाजताना बीत कार्बन डायऑक्साइड अडकतो, पुढे तो हळूहळू सुटत राहतो. ताज्या पुडीतून पाणी जाताना हा वायू फेस करतो आणि वाटही अडवतो. शिळ्या पुडीत तो उरत नाही. दुसरं, ओल शोषलेली बी पापडासारखी मऊ पडते. मऊ वस्तू फुटते कमी, दबते जास्त, त्यामुळे भुकटी कमी आणि पाणी मोकळं. याच किनाऱ्यावर, मंगळूरच्या गोदामांत, हीच ओल मुद्दाम कामाला लावतात. कच्च्या बिया पावसाळी वाऱ्यावर पसरून फुगवतात, त्यांचा आंबटपणा उतरतो आणि 'मॉन्सून्ड मलबार' म्हणून त्या परदेशी जातात. शिडाच्या जहाजांतून महिनोन्‌महिने दमट हवेत युरोपला पोचणाऱ्या कॉफीची चव तिथल्या लोकांच्या जिभेवर बसली होती. प्रवास लवकर होऊ लागला तसा तो दमटपणा इथेच उभा करावा लागला. पण त्या कच्च्या बिया. माझ्या भाजलेल्या होत्या.

"पापड सादळले तर आपण परत भाजतोच की," आई म्हणाली. मी नको म्हणेपर्यंत तिने मूठभर बिया कढईत टाकून मंद आचेवर परतल्याही. गार झाल्यावर त्याच खुणेवर दळल्या तर २४ सेकंद. म्हणजे सातपैकी तीन सेकंद ओलीचे होते, ते परत मिळाले. उरलेले चार बहुधा गेलेल्या वायूचे, ते कढईतून कुठले यायला. चव मात्र सपाट, भिजल्या पुठ्ठ्याची. बिया परतताना सगळ्या घरात कॉफीचा सुंदर वास सुटला होता, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की तो आता कपात येणार नाही.

आईने त्यात दूध आणि दोन चमचे साखर घालून कप संपवला. मग विचारलं, "याच्यात धणे दळले तर चालतील का?"