फुफ्फुसातल्या गाठीत सुई घालायची पद्धत आली कुठून, आणि तिची भीती कुठून

सीटी स्कॅनमधे फुफ्फुसात गाठ दिसली आणि डॉक्टर बायोप्सी करू, म्हणजे गाठीतून पेशी किंवा छोटा तुकडा काढून तपासू म्हणाले की घरातलं कोणीतरी मोठं माणूस बोलतंच, "सुई नको, गाठीला छेडलं की पसरते." या भीतीला लोक अडाणीपणा म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, कारण एके काळी मोठमोठे सर्जनही हेच म्हणत होते आणि त्यांच्याकडे तशी कारणंही होती.

सुरुवात कॅन्सरपासून झालीच नाही. १८८३ मधे जर्मनीत लायडेन नावाच्या डॉक्टरांनी न्यूमोनियाच्या पेशंटच्या छातीत सुई घातली ती जंतू शोधायला. तीनेक वर्षांनी फ्रान्समधे मेनेत्रिए यांनी अशाच सुईतून फुफ्फुसाचा कॅन्सर ओळखला. तेव्हा एक्सरेसुद्धा नव्हता, तो आला १८९५ ला, म्हणजे छाती ठोकून आवाज ऐकायचा आणि अंदाजाने सुई आत, त्यामुळे छातीच्या भिंतीला टेकलेला मोठा आजार असेल तरच काही हाती लागणार.

मग १९३० मधे न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधे मार्टिन आणि एलिस यांनी १८ गेजची, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची सुई आणि सिरिंज वापरून शरीरातल्या वेगवेगळ्या गाठींतून पेशी ओढून काढायला सुरुवात केली, त्या पेशी वाचायला स्ट्युअर्ट हे पॅथॉलॉजिस्ट होते, आणि त्याच दशकाच्या शेवटी तिथेच फुफ्फुसाच्या गाठींवरही हे काम झालं. पण ते फार पसरलं नाही. एक तर १९३३ मधे ग्रॅहम यांनी कॅन्सरसाठी अख्खं एक फुफ्फुस यशस्वीपणे काढून दाखवलं होतं, त्यामुळे संशय असेल तर सरळ छाती उघडा असा विचार जोरात होता. दुसरं म्हणजे तुकडा कापून आणणाऱ्या जाड सुया, त्यांनी रक्तस्राव व्हायचा, रक्तवाहिनीत हवा शिरायची, पेशंट दगावलेही, आणि सुईच्या वाटेवर कॅन्सर उगवल्याची उदाहरणंही नोंदली गेली. आपल्या घरात ऐकू येणारी भीती त्या जाड सुयांच्या काळाशी जुळते.

चित्र बदललं ते स्वीडनमधे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा टप्पा हाच. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का हॉस्पिटलमधे नॉर्डेनस्ट्रॉम आणि डालग्रेन यांनी १९६० च्या दशकात एक मिलिमीटरपेक्षाही बारीक सुई घेतली आणि ती दोन दिशांच्या एक्सरे पडद्यांवर बघत बघत गाठीपर्यंत नेली, १९६६ मधे त्यावर पुस्तकही काढलं. त्याआधी असा पडदा बघायचा तर डॉक्टरला डोळे सरावायला अंधारात थांबावं लागायचं, नवीन इमेज इंटेन्सिफायरमुळे चित्र उजळ झालं. सुई बारीक झाली पण ती कुठे जातेय ते दिसायला लागलं म्हणूनच ती बारीक करून चाललं, हे लक्षात घ्या. शिवाय नुसत्या विखुरलेल्या पेशींवरून निदान करणारे तयार पॅथॉलॉजिस्टही तिथे होते.

१९७१ मधे हाउन्सफील्ड यांच्या सीटी मशीनवर पहिला पेशंट स्कॅन झाला आणि १९७६ मधे अमेरिकेत हागा आणि अल्फिदी यांनी सीटी बघून बायोप्सी केल्याचं छापून आलं, त्यानंतर हृदयाजवळच्या किंवा छोट्या गाठीही आवाक्यात आल्या.

गंमत अशी की पुढे जाड सुई परत आली. २००४ मधे ईजीएफआर या पेशींच्या वाढीशी संबंधित जीनमधल्या बदलांचा शोध लागला आणि नुसतं "कॅन्सर आहे" एवढं पुरेना, कोणती गोळी चालेल ते ठरवायला जास्त तुकडा लागायला लागला. आपल्याकडे तर आणखी एक कारण, टीबी. स्कॅनवर टीबीची गाठ आणि कॅन्सरची गाठ सारखी दिसू शकते, आणि तुकडा न तपासता महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या चालू राहिल्या तर कॅन्सर तोवर वाढलेला असतो, ही गोष्ट मला फार टोचते. आता बाहेरची एक सुई गाठीशी ठेवून तिच्या आतून दुसरी सुई हवी तितक्या वेळा घालतात, म्हणजे फुफ्फुसाचं आवरण एकदाच टोचलं जातं.

श्वासनळीतून जायचा रस्ता वेगळा वाढला, इकेदांची १९६० च्या दशकातली लवचिक दुर्बीण, मग वांग यांची तिच्यातून जाणारी सुई, मग २००० नंतर अल्ट्रासाउंड लावलेली ईबस नावाची दुर्बीण, ती मुख्यतः छातीच्या मधल्या लिम्फ नोड्ससाठी (लसिका ग्रंथींसाठी).

आता पसरण्याचं. जपानमधे सीटी बघून केलेल्या ९,७८३ बायोप्सींचा आढावा घेतला तेव्हा सुईच्या वाटेवर कॅन्सर उगवलेले पेशंट ६ निघाले. आवरणाला चिकटलेल्या छोट्या गाठींबद्दल मात्र डॉक्टरांमधे अजून चर्चा आहे, तशी गाठ असेल तर हा प्रश्न जरूर विचारा. नेहमी होणारा त्रास वेगळाच आहे, फुफ्फुसाभोवती हवा भरणे, ते साधारण १५ ते २५ टक्के लोकांना होतं, बहुतेकांची हवा आपोआप जिरते, थोड्यांना नळी टाकावी लागते, आणि म्हणूनच सुई काढल्यावर काही तास थांबवून परत एक्सरे काढतात.