विलापस्तोत्र

संकटात सापडलेल्या माणसाने कसलाही आडपडदा न ठेवता देवापुढे मांडलेले गाऱ्हाणे म्हणजे विलापस्तोत्र. हा प्रार्थनाप्रकार हिब्रू बायबलमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, ठळकपणे आढळतो. त्यातील स्तोत्रसंहिता या ग्रंथातल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलाप आहेत. स्तुतिगीतांचा म्हणून ओळखला जाणारा संग्रह उघडावा आणि पानोपानी तक्रारी भेटाव्यात, याचे नवख्या वाचकाला नवल वाटते. काही विलाप एकट्या माणसाचे आहेत, तर काही (उदा., स्तोत्र ४४, ७४) साऱ्या समाजाचे.

देवाला हाक, तक्रार, मागणे, भरवशाचे बोल आणि स्तुतीचा नवस हे या स्तोत्रांचे नेहमीचे घटक. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी हा प्रकार वेगळा काढून त्याची घडण दाखवली. क्रम मात्र सगळीकडे सारखा नसतो.

स्तोत्र १३ अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो: देवा, मला कुठवर विसरणार, तोंड कुठवर लपवणार? मग डोळ्यांत तेज दे, नाहीतर मला मरणाची झोप लागेल, अशी विनवणी. आणि पाचव्या वचनात एकदम, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे! मधल्या काळात शत्रू हटला, दुखणे बरे झाले, असे काहीही सांगितलेले नाही. परिस्थिती जिथल्या तिथे आहे. बदलला आहे तो बोलणाऱ्याचा सूर.

या वळणाचा उलगडा करताना जर्मन अभ्यासक योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये असे मांडले, की तक्रार ऐकून पुरोहित देवाच्या नावाने धीराचे शब्द सांगत असे आणि त्यानंतर सूर पालटे. कल्पना आकर्षक आहे. पण बहुतेक स्तोत्रांत ते धीराचे शब्द सापडत नाहीत. त्यापेक्षा हन्नाची कथा (१ शमुवेल १) अधिक उजेड पाडते. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे सोसणारी हन्ना शिलो येथील मंदिरात रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही; एली याजकाला ती प्यायलेली वाटते. मी परमेश्वरापुढे आपले मन मोकळे केले, असे ती सांगते. एली तिला आशीर्वाद देतो, ती जाऊन जेवते आणि तिच्या चेहऱ्यावरची उदासी जाते. तिच्या मुलाचा, शमुवेलाचा, जन्म अजून दूर असतो.

गाऱ्हाणे ज्याच्याविरुद्ध, ते त्याच्याच दारी घेऊन जायचे, हे या प्रार्थनेचे मर्म. स्तोत्र २२ ‘माझ्या देवा, तू मला का सोडलेस?’ असे सुरू होते. सोडून गेला म्हणायचे आणि तरी ‘माझ्या देवा’ म्हणायचे. मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांनुसार वधस्तंभावरील येशूच्या तोंडी हेच शब्द आहेत. निर्दोष असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या ग्रंथात तर देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांनाच शेवटी दोष लागतो आणि देवाला जाब विचारणारा ईयोब योग्य बोलला, असा निर्वाळा खुद्द देव देतो. भीती वा राग झाकून केलेल्या गोड प्रार्थनेला या परंपरेत फारशी किंमत दिसत नाही.

तरीही मन मोकळे केले की भरवसा आलाच, असा हिशेब मांडता येत नाही. स्तोत्र ८८ अंधारातच संपते. त्यात वळण नाही, नवसही नाही. ते संग्रहातून गाळले गेले नाही, हे महत्त्वाचे.

यरुशलेमच्या पाडावावरील (इ. स. पू. सुमारे ५८६) विलापगीत हा पाच कवितांचा ग्रंथ ज्यू लोक आपल्या पंचांगातील आव महिन्याच्या नवमीला उपासाच्या दिवशी वाचतात. त्याचे अखेरचे वचन, तू आमचा अगदीच त्याग केला आहेस काय, अशा अर्थाचे आहे. तेथे वाचन थांबू नये म्हणून आधीचे वचन, ‘आम्हांला तुझ्याकडे परत वळव’, पुन्हा म्हटले जाते. अखेरचे वचन मात्र कोणी वगळत नाही.